भिंतीवरची किटली

लग्नाच्या कॅसेटमधून माणसं काढून टाकायचं काम मी सात वर्षं केलं, आणि त्यात माझा हात इतका बसला होता की शाहूपुरीतल्या आमच्या स्टुडिओत लोक इचलकरंजीहून, जयसिंगपूरहून माझं नाव विचारत यायचे. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांनी एखादं घर परत यायचं. थोरल्या जावयाशी बिनसलेलं असायचं, भावाभावांत बोलणं बंद झालेलं असायचं, आणि मग अक्षतांच्या गर्दीत, पंगतीत, आहेराच्या रांगेत जिथं जिथं तो माणूस हसताना दिसायचा तिथून तो जायला हवा असायचा. मी तो काढायचे. कुठं शॉट आखूड करायचा, कुठं मध्येच गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या, कुठं वाजंत्र्यांचा तुकडा घालायचा, असं करत करत तास-दीड तासाच्या लग्नातून तो माणूस नाहीसा व्हायचा. घरची मंडळी समाधानानं बघायची आणि म्हणायची, आता कसं, आलाच नव्हता असं वाटतंय. मला त्यात वावगं वाटत नसे. ज्याचं लग्न त्याची कॅसेट, आपण फक्त कात्री.

स्टुडिओ आण्णांचा. तरुणपणी ते कोल्हापुरातल्याच एका सिनेमा स्टुडिओच्या संकलन विभागात मदतनीस होते, आणि फिल्मची पट्टी बोटांतून सरकवताना कट कुठं आहे ते नखाला कळतं, असं ते सांगायचे. आमच्याकडं पट्टी नव्हती, संगणक होता, त्यामुळं नखाला काही कळायचा प्रश्न नव्हता. पण माझ्याबद्दल एक गोष्ट त्यांनीच पहिल्यांदा ओळखली. शॉट चालू असताना जिथं तो थांबायला हवा तिथं माझा उजवा हात आपोआप वर जातो आणि मी कानाची पाळी चिमटीत धरते. मला स्वतःला याचा पत्ताच नव्हता. आण्णा म्हणाले, "पवित्रा, तुझा हात कानाला गेला की मी समजतो, कट बसला. मग मी बघायलाबी येत न्हाय." त्यानंतर मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं. खरंच होतं. हात आधी जायचा, आणि इथं कापायचं हे मला मागाहून कळायचं. मी कुरुंदवाडची, लहानपणी चुकलं की अव्वा, म्हणजे माझी आई, तोच कान पिळायची, म्हणून शहाणपण तिथंच साठलं असेल, असं मी हसण्यावारी न्यायचे.

दोन हजार तीनच्या जानेवारीत मी स्वतःची फिल्म करायची ठरवली. लग्नसराईत मोकळा असेल तेव्हा कॅमेरा ने, असं आण्णांनी सांगितलं, आणि सहा कोऱ्या टेप दिल्या. त्यांच्यावर मी मार्करनं 'धार' असं लिहून एक ते सहा नंबर घातले. फिल्म होती गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरच्या केरबामामांवर. कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ म्हशी बांधलेल्या असतात, गिऱ्हाईक आलं की त्याच्यासमोर पेल्यात धार काढायची आणि फेसासकट तो त्याच्या हातात द्यायचा, हा तिथला रिवाज. पैलवान येतात, शिकवणीला निघालेली पोरं येतात, डॉक्टरनं सांगितलंय म्हणून नाक मुरडत पिणारेही येतात. केरबामामा सत्तरीला आलेले होते. त्यांच्याकडं तेव्हा एकच म्हैस उरली होती, तिचं नाव काशी.

मी महिनाभर त्यांच्या मागं हिंडले. धार काढणारे कट्ट्यावर पुष्कळ होते, पण मला मामाच हवे होते, कारण त्यांच्या तीन सवयी होत्या. बसायच्या आधी ते काशीच्या कुशीला कपाळ टेकवून उभे राहायचे. नमस्कार नव्हे, थकवाही नव्हे. दाराला कान लावून आत कुणी आहे का ते ऐकावं तसे ते उभे असत. मी मोजलं होतं, अकरा सेकंद. मग ते बसायचे आणि पहिली धार भुईला सोडायचे, दुसरीपासून पेल्यात. आणि तिसरी सवय घरी परतताना. कट्ट्यावरून निघून गल्लीच्या कोपऱ्यावर आले की ते थांबून एकदा मागं वळून बघायचे, आणि मग काशीला घेऊन डावीकडं आपल्या गल्लीत शिरायचे. मागं काय बघता, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, काही न्हाई, राहिलं-बिहिलं असंल म्हणून.

आणखी एक शॉट होता, तो टेप नंबर तीनवरचा. संध्याकाळी मामा गोठ्यासमोर घागर धूत होते. समोर चुना लावलेली भिंत, माझ्या पाठीमागं मावळतीचं ऊन. स्टँडवरच्या कॅमेऱ्याची सावली भिंतीवर पडली होती आणि तिच्या शेजारी माझी. शॉट रंगात आला आणि माझा हात कानाला गेला, तो तसाच राहिला. कोपर बाहेर काढून उभी असलेली माझी सावली हुबेहूब चहाच्या किटलीसारखी दिसत होती. घागर पालथी घालून मामा सरळ झाले. मागं वळलं तर उन्हाची तिरीप डोळ्यांत जाणार, म्हणून त्यांनी भिंतीवरच्या माझ्या सावलीलाच विचारलं, "झालं का, पोरी?" मी म्हणाले, "अजून थोडं थांबा, मामा." आणि ते थांबले. सावलीकडं बघत, ओळखीचं हसत. त्या थांबण्यासाठी मी तो शॉट बावीस मिनिटांच्या फिल्ममध्ये अगदी मधोमध ठेवला होता. जोडताना हात पुन्हा कानाला गेला होता, हे मला स्वच्छ आठवतं.

मार्चमध्ये एका रविवारी सकाळी फिल्म लोकांना दाखवली. गावातल्या चित्रपट मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता, साठेक माणसं होती. मंडळ चालवायचा राजवर्धन. पुण्याला सिनेमाचं रीतसर शिक्षण घेऊन आलेला, बोलायला मऊ आणि ऐकणाऱ्याला आपलं अज्ञान जाणवेल इतका तयारीचा. केरबामामांना मी बोलावलं होतं, पण ती त्यांची धारेची वेळ, ते आले नाहीत. फिल्म सुरू झाली. पहिली दहा मिनिटं हॉल शांत होता. मग ती भिंत आली, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "ही किटली कुणाची म्हणायची?" सगळा हॉल हसला. पुढं मामांनी काशीला कपाळ टेकलं तरी हसू उरलंच होतं. माझे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणासमोर माझं स्वतःचं काही ठेवलं होतं आणि लोक किटलीला हसत होते.

नंतर चर्चा झाली. राजवर्धननं पुष्कळ कौतुक केलं आणि मग सांगितलं की कॅमेरावाल्याची सावली चौकटीत येणं ही शिकाऊ माणसाची चूक आहे, ती पहिल्या दिवशी टाळायला शिकवतात. यावर वाद घालायला जागाच नव्हती. सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. घरी जाताना आण्णा एवढंच म्हणाले, "काढायची तर काढ. पर आधी तुझा हात कानाला जाऊ दे."

मी थांबले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला स्टुडिओ उघडल्या उघडल्या तो शॉट काढला. हात कानाला गेला नाही हे माझ्या लक्षात आलं होतं, पण ज्या चुकीबद्दल साठ माणसांचं एकमत आहे तिच्यासाठी कानाची परवानगी कशाला, असंही वाटलं. संगणकात जागा कमी होती म्हणून तो तुकडा पुसून टाकला. दाखवायच्या टेपवर जुन्या प्रतीवरच नवी प्रत चढवली. आणि टेप नंबर तीनमधलं दुसरं काहीच फिल्ममध्ये नव्हतं, म्हणून ती उचलून आण्णांना परत दिली. लग्नाच्या धंद्यात टेप कधी रिकामी बसत नाही. एका पार्टीनं सीडी नेली की तीच टेप पुढच्या लग्नाला जाते. "ह्यात काय हाय का?" असं आण्णांनी विचारलं. मी म्हणाले, काही नाही. त्यांनी ती त्याच दिवशी जयसिंगपूरच्या लग्नाला नेली.

त्यानंतरची गोष्ट सांगताना मला स्वतःचाच राग येतो. राजवर्धन स्टुडिओत यायला लागला. बाहेरगावच्या एका लघुपट महोत्सवाला प्रवेशिका पाठवायच्या होत्या, मुदत महिन्याची होती, आणि फिल्म घट्ट केली तर नक्की लागेल असं तो म्हणत होता. तो माणूस वाईट नव्हता. मला मदत करावी असंच त्याच्या मनात होतं. आधीची मी असते तर त्याच्याशी भांडले असते, निदान मनात तरी. पण तो बोलायला लागला की मला ते पटायचं. पटायचं म्हणण्यापेक्षा असं म्हणावं की आत विरोध करणारं कुणी सापडायचं नाही. तो म्हणाला, कपाळ टेकवणं नाटकी वाटतं, तुम्ही सांगून करून घेतल्यासारखं. मी म्हणाले, त्यांची रोजची सवय आहे. तो म्हणाला, असेल, पण पडद्यावर खोटी दिसते. खरं असणं आणि खरं दिसणं यांत फरक आहे. मी पुन्हा शॉट बघितला. खरा की खोटा, मला काहीच कळलं नाही. मी तो काढला.

दोन दिवसांनी सकाळी मी कट्ट्यावर गेले. कॅमेरा नव्हता, सहज गेले होते. मामा आले, काशीच्या शेजारी पाट टेकवला आणि सरळ बसले. कपाळ टेकलं नाही. मला वाटलं, हॉलमधला कुणीतरी भेटला असेल आणि थट्टा केली असेल. गंगावेशीत कुणाचं काही लपून राहत नाही. मला फार शरम वाटली. काशी मात्र अस्वस्थ होती. पाय झाडत होती, शेपटी मारत होती, आणि गिऱ्हाईक पेला धरून ताटकळलं तरी पान्हवत नव्हती. मामांनी कासेला पाणी मारलं, चुचकारलं, शेवटी अर्धा पेला निघाला. गिऱ्हाईकानं तो घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते शेजारच्या म्हशीकडं गेलेलं मी पाहिलं.

त्यांची बायको तानाबाई मला मंडईत भेटली. काशी आठ दिवस पान्हा चोरतीय, असंच चाललं तर कट्टा मोडावा लागंल, असं सांगून ती डोळे पुसत होती. मी विचारलं, मामा हल्ली कपाळ टेकत नाहीत का. तानाबाईनं माझ्याकडं जरा वेळ पाहिलं, काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असावी अशी, आणि मग भाजीवालीशी बोलायला वळली.

पहिली धार भुईला जाते तो शॉट मी काढला तेव्हा स्टुडिओत दुसरं कुणीही नव्हतं. राजवर्धननं फोनवर सांगितलं होतं, की शहरातल्या परीक्षकांना ते दूध वाया घालवणं वाटेल आणि समजावून सांगायला तुम्ही तिथं नसाल. अकरा वाजता सांगितलं, सव्वाअकराला मी काढला, आण्णासुद्धा बाहेर गेलेले होते. संध्याकाळी कट्ट्यावर मामांनी पेला कासेखाली धरला आणि पहिली धार पेल्यात सोडली. मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले होते.

"मामा, पहिली धार भुईला सोडायची की."

"कवा?" मामा म्हणाले.

ते थट्टा करत नव्हते, लपवतही नव्हते. मी काही भलतंच बोलले आहे आणि पोर परगावची म्हणून समजून घ्यावं, असा तो स्वर होता. मी म्हणाले, मामा, तुम्हीच मला सांगितलं होतं, भुई आधी पिते मग माणूस. ते हसले. "आसंल," म्हणाले, "कुणी सोडत आसंल. म्या न्हाई."

माणूस भ्याला की आधी हिशेबी होतो. मी स्वतःला समजावलं की म्हातारपण आहे, विसरभोळेपणा आहे. आमच्या कुरुंदवाडला ज्ञानूकाका असेच एक एक विसरत गेले होते. एकदा खात्री करून घ्यावी म्हणून मी तिसरी गोष्ट केली, आणि ती मी केली हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. कोपऱ्यावर मागं वळून बघण्याचा शॉट राजवर्धनला खटकत होताच, माणूस कॅमेऱ्याकडं बघतो त्यानं फिल्म मोडते, असं त्याचं म्हणणं. पण तो काढताना माझ्या डोळ्यांसमोर राजवर्धन नव्हता. मला बघायचं होतं. मी दुपारी चारला तो काढला आणि सहाला कट्ट्यावर जाऊन उभी राहिले.

मामांनी पेले धुतले, पाट काखेत मारला, काशीचा दोर सोडला आणि निघाले. मी वीस पावलं मागून चालत होते. रस्त्यावर गर्दी होती, सायकली, भाजीच्या गाड्या, शाळेतून परतलेली पोरं. गल्लीचा कोपरा आला. मामा थांबले नाहीत, वळून पाहिलं नाही. काशी रोजच्या सवयीनं डावीकडं वळली, दोर ताणला गेला आणि त्यांच्या हातातून सुटला. त्यांना ते कळलंही नाही. म्हैस एकटी घराकडं गेली आणि मामा सरळ चालत राहिले, हाताची मूठ तशीच अर्धी मिटलेली, दोर अजून तीत असल्यासारखी.

मी धावले. हाका मारल्या. नदीच्या रस्त्याला लागून बरंच पुढं गेल्यावर त्यांना गाठलं आणि दंडाला धरून उभं केलं. त्यांनी मला ओळखलं. मी म्हणाले, मामा, घर मागं राहिलं. त्यांनी विचार केला. "घर," ते म्हणाले, "व्हय की." पण पाय हलेना. कुठल्या बाजूला तोंड करायचं ते त्यांना उमगत नव्हतं. शेवटी मी त्यांच्या खांद्यांना धरून त्यांना वळवलं, एखादं जड कपाट फिरवावं तसं, आणि हात धरून घरी आणलं. दारात तानाबाई काशीचा दोर हातात धरून उभी होती. मला त्या दोघांकडं बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेच आण्णांकडून किल्ली घेऊन मी स्टुडिओ उघडला. टेप एक, दोन, चार, पाच काढल्या, तिन्ही शॉट पुन्हा संगणकात घेतले आणि होते तिथं, होते तेवढेच लावले. अकरा सेकंद म्हणजे अकरा सेकंद. दहाच्या सुमाराला काम झालं आणि मी तशीच, तोंडसुद्धा न धुता कट्ट्यावर गेले. मामा उशिरापर्यंत बसले होते, शेवटचं गिऱ्हाईक उभं होतं. मामा उठले, काशीच्या कुशीशी गेले आणि कपाळ टेकून उभे राहिले. मी मोजले. मग ते बसले, पहिली धार भुईवर पडली, मातीत फेस उठला आणि जिरला. मला रडू आलं. का रडतीस म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा मी त्यांना विचारलं, मध्ये काय झालं होतं. ते म्हणाले, कशाचं काय झालंतं?

फिल्म मी तशीच पाठवली, फक्त पुसलेला भिंतीचा शॉट तेवढा तीत नव्हता. राजवर्धन नाराज झाला, म्हणाला, तुमच्यासारख्या माणसांना कुणी समजावू नये. तो गेल्यावर मला हलकं वाटलं. आपण शेवटी आपल्या मनाचं केलं, असं मी आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, पत्रात लिहिलंसुद्धा. जूनमध्ये महोत्सवाचं पत्र आलं. फिल्म निवडली होती. परीक्षकांनी खाली दोन ओळी लिहिल्या होत्या, की नवख्या दिग्दर्शकाला शॉट कुठवर धरावा याची उपजत जाण आहे, तिनं त्या जाणेवर असाच विश्वास ठेवावा. आण्णांनी ते पत्र काचेखाली लावलं.

त्याच आठवड्यात एक लग्न जोडायला बसले. साधं लग्न होतं, कुणाला काढायचंसुद्धा नव्हतं. नवरी हार घालायला हात उचलते, शॉट चालू होतो, आणि आता कुठंतरी थांबवायला हवा. मी बघत राहिले. हार पडला, टाळ्या झाल्या, नवरा वाकला, भटजी पुढं आले, करवली मध्ये आली, आणि मी बघतच होते. मागं नेऊन पुन्हा लावला. कुठंही थांबवला असता तरी चाललं असतं. एक जागा दुसरीपेक्षा वेगळी नव्हती. तासाभरानं मी 'धार' लावली. कपाळ टेकण्याचा शॉट आला. अकरा सेकंद मी मनात मोजत होते, कारण मोजल्याशिवाय तो संपणार कधी हे मला कळत नव्हतं. माझे दोन्ही हात टेबलावर होते. मी उजवा हात मुद्दाम उचलून कानाची पाळी चिमटीत धरून पाहिली. ती दुसऱ्या कुणाची असावी इतकी परकी लागली.

आण्णा दारात चहा घेऊन उभे होते.

"आण्णा," मी विचारलं, "कट बसला की माझा हात कानाला जायचा, ते तुम्हीच ओळखलं होतं ना?"

त्यांनी कप टेबलावर ठेवला. माझ्याकडं प्रेमानं बघितलं, पोर फार दमली आहे असं.

"कवा?" आण्णा म्हणाले.

ते गेल्यावर मी कपाट उघडलं. टेप नंबर तीन तळाला होती, 'धार'वर काट मारून 'जयसिंगपूर, पाठवणी' असं लिहिलेली. मी ती लावली. नवरी रडत होती, गाडी फुलांनी भरली होती, पोरं गाडीमागं धावली, धूळ उडाली. आमच्या धंद्यात एक ठाऊक असतं. नवं लग्न टेपच्या शेवटापर्यंत पुरलं नाही तर खाली जुन्या चित्रणाचा शेवटचा थोडा तुकडा उरतो. गाडी वळणाआड गेली, पडदा क्षणभर निळा झाला, आणि मग भिंत आली.

चुन्याची तीच भिंत, तेच पिवळं ऊन. मामा घागर धूत होते. भिंतीवर स्टँडच्या तीन पायांची सावली होती, त्यावर कॅमेऱ्याचं डोकं. त्याच्या शेजारी किटली नव्हती. भिंत मोकळी होती.

मामांनी घागर पालथी घातली, सरळ झाले आणि त्या मोकळ्या जागेकडं बघून ओळखीचं हसले. "झालं का, पोरी?" त्यांनी विचारलं.

कुणी उत्तर दिलं नाही. लांब कुठंतरी काशीच्या गळ्यातली घंटा वाजली. मामा थांबले होते, तोंडावरचं हसू तसंच, आणि त्या दिवशी मी त्यांना काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. मी बोलायला तोंड उघडलं. पण झालं म्हणावं की अजून थांबा म्हणावं, ते काही केल्या मला कळेना, आणि टेप फिरत होती, आणि मामा भिंतीकडं बघत उभे होते.